ताई मला ओळखत नाही, मग मी तिथे बसून करतोय काय?

पत्र थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील काढून):

मी ३४ वर्षांचा आहे. ताई माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी, आई लवकर गेली म्हणून तिनेच मला वाढवलं. तिचं इन्फेक्शन रक्तात पसरलं, डॉक्टर सेप्सिस म्हणाले, आयसीयूत आज सोळावा दिवस. नऊ दिवस व्हेंटिलेटरवर होती, आता नळी काढलीये आणि रिपोर्ट सुधारतायत म्हणतात, पण ताई ताई राहिलेली नाही. नर्स मला मारायला टपल्यात म्हणते, भिंतीवर माणसं दिसतात म्हणते, हाताची सुई ओढून काढली, परवा माझ्याकडे बघून 'हा कोण आहे, याला बाहेर काढा' म्हणाली. पहिल्या दिवसापासून मी हॉस्पिटल सोडलेलं नाही, बाहेरच्या खुर्चीवर झोपतो. भाऊजी घर आणि त्यांची नऊ वर्षांची मुलगी सांभाळतात, संध्याकाळी येऊन जातात. मुलीला आई कामासाठी बाहेरगावी गेलीये असं सांगितलंय. ताईसमोर मी सतत हसतो, सगळं छान आहे म्हणतो आणि मग जिन्यात जाऊन रडतो. डॉक्टर त्यांचं काम करतायत, नर्स त्यांचं. ती मला ओळखतच नसेल तर माझं तिथे असणं कुणासाठी? मला तू म्हणा, इथे सोळा दिवस मी फक्त 'पेशंटचे नातेवाईक' आहे.

उत्तर:

बरं, तू म्हणते.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच वाक्यावर थांबले, 'हा कोण आहे, याला बाहेर काढा'. बाकीचं नंतर बोलू, आधी हे. हे वाक्य उशाशी घेऊन तू त्या खुर्चीवर झोपत असशील आणि त्याचा अर्थ तू असा लावलायस की जिने मला वाढवलं तिच्या डोक्यातून मी पुसला गेलो. पण तू जे लिहिलंयस, भिंतीवर माणसं, नर्सवर संशय, सुई ओढणं, ओळखीचा चेहरा अनोळखी वाटणं, हे सगळं डिलिरियमसारखं दिसतंय. मी डॉक्टर नाही, नक्की काय ते तिच्या डॉक्टरांनीच सांगायचं, पण हा शब्द तुझ्या पत्रात कुठेच नाहीये म्हणजे बहुतेक तो तुला कुणी सांगितलेलाच नाही, आणि जे चाललंय त्याला नाव माहीत नसलं की माणूस सगळ्यात वाईट तेच धरून बसतो.

डिलिरियम म्हणजे शरीर खूप आजारी असताना मेंदूचं काम विस्कटतं ते. त्याला वेड लागणं म्हणत नाहीत. इन्फेक्शन, झोपेची आणि गुंगीची औषधं, ऑक्सिजन कमी पडणं, दुखणं, चोवीस तास दिवे आणि मशीनचे आवाज त्यामुळे मोडलेली झोप, अगदी पोट साफ न होणं किंवा लघवी तुंबणं, यातलं काहीही कारण असू शकतं आणि आयसीयूतल्या पेशंटला बऱ्याचदा यातली तीन-चार कारणं एकदमच असतात. व्हेंटिलेटरवर राहिलेल्या पेशंटच्या काही अभ्यासांत याचं प्रमाण ८० टक्क्यांपर्यंत सापडलंय, म्हणजे ताईचं काहीतरी वेगळंच आणि भलतंच झालंय असं मुळीच नाही. ते दिवसातही वरखाली होतं, सकाळी माणूस नीट बोलतो, संध्याकाळ झाली की परत सुरू. बहुतेकांचं काही दिवसांत किंवा आठवड्यांत ओसरतं, काहींना जास्त वेळ लागतो.

माझ्या बाबांच्या वेळी आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. बाबांना वाटायचं आपण ट्रेनमध्ये आहोत आणि उतरायचं स्टेशन मागे जातंय, ते रात्रभर पलंगावरून उतरायला बघायचे आणि आम्ही तिघं भावंडं आळीपाळीने त्यांना समजावायचो की बाबा हे हॉस्पिटल आहे, ट्रेन नाहीये, बघा ना ही सलाइन आहे. चार दिवस आम्ही त्यांच्याशी वाद घातला, आजारी माणसाशी. ते जास्तच चिडायचे, आम्हाला वाटायचं की डोकं गेलंच त्यांचं, आता हे असंच राहणार. एकाही डॉक्टरने बसून सांगितलं नाही, त्यांना वेळ नसेल किंवा आम्हाला माहीत असेल असं वाटलं असेल. पाचव्या रात्री एक नर्स सहज म्हणाली की अहो हे होतं बऱ्याच जणांना, त्यांना ट्रेन नाहीये हे पटवू नका, त्यांची भीती कमी करा. मग मी बाबांना म्हटलं, तुम्हाला उतरायची काळजी वाटतेय ना, मी जागी आहे, मी बघते, तुम्ही पडा जरा. ते पडले. मी खोटंही बोलले नाही, ट्रेन आहे असं काही म्हटलं नाही, फक्त भीती वाटतेय एवढं मान्य केलं.

तेच तुला सांगतेय. ताई म्हणाली नर्स मारायला आल्यात, तर 'छे गं काहीतरीच काय' म्हणू नकोस आणि 'हो का, थांब बघतो त्यांना' असंही म्हणू नकोस. 'तुला भीती वाटतेय, मी इथे आहे, तू हॉस्पिटलमध्ये आहेस, इन्फेक्शन झालंय, ते कमी होतंय', एवढंच, हळू आवाजात, छोट्या वाक्यांत, आणि दहा वेळा सांगावं लागलं तर दहा वेळा. प्रत्येक वेळी आत गेल्यावर आधी स्वतःचं नाव सांग आणि नातं सांग, ती ओळखते का याची परीक्षा घेऊ नकोस. 'ओळखलंस का मला' हा प्रश्न आपण अगदी मायेने विचारतो पण ज्याला उत्तर येत नाही त्याच्यासाठी तो फार दुष्ट प्रश्न आहे.

आणि डॉक्टरांना सरळ विचार, हा डिलिरियम आहे का आणि तुम्ही तो रोज तपासता का. तपासायच्या साध्या पद्धती आहेत, एकीत नर्स काही अक्षरं एकेक करून म्हणते आणि ठराविक अक्षर आलं की पेशंटने हात दाबायचा, लक्ष लागतंय का ते त्यातून कळतं. कारण काय असू शकेल, कुठलं औषध कमी करता किंवा बदलता येईल का, रात्री शक्य असेल तेवढे दिवे मंद ठेवता येतील का हेही विचार. ताईला चष्मा आहे का? ऐकायला कमी येतं का? असेल तर त्या वस्तू आज तिच्या अंगावर आहेत का ते बघ. हे इतकं साधं आहे की कुणाच्याच लक्षात राहत नाही, अॅडमिट करताना चष्मा काढून पिशवीत ठेवतात आणि मग माणूस तीन आठवडे धुरकट जगात पडून असतो, भिंतीवरच्या डागाची माणसं व्हायला तेवढं पुरतं. समोर दिसेल असं मोठं घड्याळ, तारीख लिहिलेला कागद, दिवसा पडदा उघडा. आणि एक गोष्ट बाकीच्या वाचकांसाठीही, डिलिरियमचा एक गप्प प्रकारही असतो, पेशंट काही त्रास देत नाही, नुसता पडून राहतो, नजर हरवलेली असते, आणि सगळ्यांना वाटतं की चला शांत आहे. तो जास्त सुटतो नजरेतून. त्यामुळे 'आज हे फारच गप्प आहेत, हे असे नसतात' हेसुद्धा सांगायचं असतं.

'हे असे नसतात' हे कोण सांगू शकतं? इथेच तुझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर आहे रे. त्या अख्ख्या आयसीयूत ताईला आजारी पडायच्या आधी भेटलेला माणूस तू एकटा आहेस, संध्याकाळी भाऊजी आले की दोघं. बाकी सगळ्यांना ती बेशुद्धावस्थेत भेटली. ती मुळात मोठ्याने बोलते की पुटपुटते, डावखुरी आहे का, अंगाला अचानक हात लावलेला तिला चालतो का, दुखलं तर ओरडते की दात आवळून गप्प बसते, कुठल्या औषधाचा तिला आधी त्रास झाला होता, घरी रोज कुठल्या गोळ्या चालू होत्या, झोपेची गोळी घ्यायची का, हे त्यांना माहीत नसतं आणि रक्ताच्या रिपोर्टमध्ये ते येत नाही. तिला बरं करायचं काम तुझं नव्हतंच कधी, ते तू उगाच खांद्यावर घेतलंस आणि ते जमत नाही म्हणून स्वतःला निरुपयोगी ठरवलंस. ताई कोण आहे हे तिथल्या लोकांना आणि खुद्द ताईला माहीत करून देत राहणं, हे काम तुझं आहे. एक कागद घे आणि त्यावर हे सगळं लिही, वर तिचं नाव, तिला कुठल्या नावाने हाक मारलेली आवडते ते, तिचा एक हसरा फोटो चिकटव आणि पलंगाजवळ लावायला परवानगी माग. शिफ्ट बदलते, नवीन नर्स येते, तिला एका मिनिटात कळतं की ही पलंग नंबर अमुक नाही, ही कुणाची तरी ताई आहे.

आता ते चोवीस तास. तू अभिमानाने लिहिलं नाहीयेस पण सोळा दिवस हलला नाहीस हे तू मोजतोयस आणि मला वाटतं तुला असं वाटतंय की मी हललो आणि काही झालं तर ते माझ्यामुळे. २०१९ मध्ये ब्राझीलमधल्या ३६ आयसीयूंचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात नातेवाईकांना रोज १२ तासांपर्यंत थांबायची मुभा देऊन बघितली होती. डिलिरियमच्या प्रमाणात त्याने लक्षणीय फरक पडला नाही, पण नातेवाईकांची चिंता आणि उदासी मात्र कमी झाली. मी यातून दोन गोष्टी घेते. एक म्हणजे जवळ असण्याने तुला स्वतःला बरं वाटतं आणि त्यात काही गैर नाही, तुझं असणं कुणासाठी असं विचारलंस ना, थोडं तुझ्यासाठीही आहे, असू दे. आणि दुसरी म्हणजे तू रात्री चार वाजता बाहेरच्या खुर्चीवर आहेस की घरी पलंगावर, याने आतमध्ये काही बदलत नाही. तिची तब्येत तुझ्या जागरणाला बांधलेली नाहीये. झोप नसलेला माणूस डॉक्टरांचं अर्धंच ऐकतो, सही करताना काय वाचलं ते विसरतो, नर्सवर खेकसतो आणि ज्या बाईला सगळेच धोकादायक वाटतायत तिच्यासमोर लाल डोळ्यांनी उभा राहतो.

मग रात्री कोण? हे विचारायला मला जरा संकोच वाटतोय पण विचारते, तू भाऊजींना कधी म्हणालास का की आज तुम्ही थांबा? तुझ्या पत्रात ते 'येऊन जातात' आणि तू 'असतोस', त्या दोन शब्दांत मला थोडी तक्रार ऐकू आली. असेलही ती खरी. पण असंही असू शकेल की तू सोळा दिवस ती खुर्ची सोडलीच नाहीस म्हणून त्यांना तिथे बसायला जागाच उरली नाही, ते घर आणि मूल ओढतायत आणि संध्याकाळी पाहुण्यासारखे येऊन मेहुण्याकडून बायकोची खबर घेतायत. त्यांच्याशी एकदा जिन्यात नाही तर बाहेर कुठेतरी बसून बोल. वेळ वाटून घ्या. डॉक्टर भेटतात त्या वेळी दोघांपैकी एक नक्की, आणि तो जे ऐकेल ते लगेच दुसऱ्याला लिहून पाठवेल. बाकीच्या गोतावळ्याला एकाच माणसाने दिवसातून एक मेसेज करायचा, प्रत्येकाच्या फोनला उत्तर देत बसायचं नाही, त्यात माणूस फार झिजतो.

डॉक्टरांना भेटताना प्रश्न लिहून ने. कालपेक्षा आज काय बरं आहे, काय बिघडलंय, आज काय करायचं ठरलंय, तुम्हाला सगळ्यात जास्त काळजी कशाची वाटते. हा शेवटचा प्रश्न जरूर विचार, त्याचं उत्तर खरं मिळतं. आणि निघताना 'म्हणजे तुम्ही असं म्हणालात ना' करून आपल्या शब्दांत परत सांग, चुकलं असेल तर तिथेच दुरुस्त होतं.

तुझ्या हसण्याबद्दल. तू ताईसमोर खंबीर राहायचं ठरवलंस ते प्रेमानेच, पण जरा तिच्या बाजूने बघ. अंगाला नळ्या, हात जड, आवाज नीट निघत नाही, आजूबाजूला अनोळखी माणसं, आणि एक चेहरा सतत हसतोय आणि सगळं छान आहे म्हणतोय. ज्याला आधीच वाटतंय की आपल्यापासून काहीतरी लपवलं जातंय त्याला तो चेहरा धीर देईल की घाबरवेल? काहीच छान नाहीये हे तिला कळतं, विस्कटलेल्या डोक्यानेही कळतं. तिच्या गळ्यात पडून धाय मोकलून रड असं मी म्हणत नाहीये, तुझा भार तिने उचलायचा नाही आत्ता. पण 'ताई, मी घाबरलो होतो, आज जरा कमी घाबरलोय' हे म्हणता येतं. डोळ्यात पाणी आलं तर येऊ दे, पुसून परत बस. खरं बोलणाऱ्या माणसाचा आवाज वेगळा असतो आणि तिने तुला लहानपणापासून ऐकलंय.

तुझ्या भाचीच्या बाबतीत मी जास्त ठाम आहे. नऊ वर्षांच्या मुलीला बाहेरगावची गोष्ट खरी वाटत नसते, तिला घरातले चेहरे दिसतात, बाबा हळू आवाजात फोनवर बोलतात ते ऐकू येतं. आई मला न सांगता गेली आणि फोनही करत नाही, याचा तिने काय अर्थ लावला असेल? मुलं बऱ्याचदा दोष स्वतःवर घेतात. निर्णय भाऊजींचा, पण त्यांना सुचव की तिला सांगा, आई खूप आजारी आहे, हॉस्पिटलमध्ये आहे, डॉक्टर खूप प्रयत्न करतायत, हे तुझ्यामुळे झालेलं नाही, आणि जे काही होईल ते आम्ही तुला सांगू. 'नक्की बरी होईल' हे वचन देऊ नका, ते आपल्या हातात नाही. भेट आत्ता लगेच नको कदाचित, ताई जरा भानावर आली की डॉक्टरांना विचारून, आधी फोटो दाखवून, नळ्या कशाच्या आहेत ते सांगून, आणि तिला यायचंच नसेल तर जबरदस्ती नाही. तोपर्यंत तिचा आवाज रेकॉर्ड करून ताईला ऐकव. लेकीचा तो आवाज ऐकून ताई काय करते ते मला फार जाणून घ्यायचंय.

काही बारीकसारीक, पण महत्त्वाचं. नळी नुकतीच निघालीये, अशा वेळी गिळायला त्रास होऊ शकतो आणि पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं, त्यामुळे तिने कितीही मागितलं तरी नर्सला विचारल्याशिवाय घोटभरही देऊ नकोस, ओठ ओले करता येतील का ते विचार. हात धुणं, आत जाताना आणि बाहेर येताना, साबणाने ४० ते ६० सेकंद आणि सॅनिटायझर असेल तर २० ते ३० सेकंद, डब्ल्यूएचओने हेच सांगितलंय, आणि जो कोणी तिला हात लावणार आहे त्याला 'हात धुतलेत ना' असं विचारायला लाजू नकोस. गोड आवाजात विचार पण विचार.

आणि एक वही आण. रोज तीन-चार ओळी, आज काय झालं, कोण आलं, ताई काय म्हणाली, बाहेर पाऊस होता की ऊन. ही पद्धत डेन्मार्क-नॉर्वे-स्वीडनकडे नर्सनी सुरू केली. आयसीयूतून बाहेर आलेल्या माणसाला मधले दिवस एक तर आठवत नाहीत किंवा त्या भयंकर भासांसकट आठवतात, आणि ही वही त्या दिवसांत खरं काय झालं ते सांगते. २०१० च्या एका युरोपातल्या अभ्यासात अशी वही मिळालेल्या पेशंटमध्ये नंतरचा मानसिक आघात कमी दिसला, २०१९ मध्ये फ्रान्सच्या मोठ्या अभ्यासात तसा फरक दिसला नाही, म्हणून हे काही औषध आहे असं मी म्हणणार नाही. तरी लिही. ती पुढे विचारेल की मी काय काय बोलले, तेव्हा तुझ्याकडे उत्तर असेल, आणि लिहिताना तुझंही थोडं मोकळं होईल.

रिपोर्ट सुधारतायत हे चांगलंच आहे, तरी आयसीयूतला रस्ता सरळ नसतो, दोन पावलं पुढे एक मागे होतं, त्या मागच्या पावलाला शेवट समजू नकोस. घरी आल्यावरही अशक्तपणा, विसरभोळेपणा, दचकून उठणं बरेच महिने राहू शकतं. २०१० मध्ये याला पोस्ट इंटेन्सिव्ह केअर सिंड्रोम असं नाव दिलं गेलं आणि त्याचा एक भाग नातेवाईकांसाठीही आहे, कारण खुर्चीवर बसलेल्यालाही ते लागतं. तुला दोन महिन्यांनी मशीनचा बीप ऐकू आला आणि घाम फुटला तर ते एकट्याने सहन करू नकोस, डॉक्टरकडे जा.

ज्या वाचकांच्या माणसाचे रिपोर्ट सुधारत नाहीयेत त्यांना एवढंच, पॅलिएटिव्ह केअर हा शब्द ऐकून घाबरू नका, ते उपचार सोडून देणं नसतं. त्रास कमी करणारी ही टीम बाकीचे उपचार चालू असतानाही येते. पसरलेल्या फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या पेशंटवर २०१० साली एक अभ्यास आला होता, त्यात ज्यांना ही सेवा सुरुवातीपासून मिळाली त्यांचे दिवस बरे गेले आणि ते साधारण पावणेतीन महिने जास्त जगलेही. लवकर मागा.

आता उद्याचं. आज रात्री भाऊजींना थांबू दे किंवा दोघंही घरी जा आणि फोन चालू ठेवा, नंबर नर्सकडे आहे ना तो परत एकदा तपास. आंघोळ कर, झोप. सकाळी चष्मा शोध, तो कागद लिही, फोटो घे. आत गेल्यावर तिच्या नजरेसमोर येऊन उभा राहा, बाजूने अचानक नको, आणि म्हण ताई, मी आलोय, तुझा भाऊ. ती परत म्हणाली याला बाहेर काढा, तर 'बरं, मी बाहेर बसतो, थोड्या वेळाने परत येतो' म्हण, बाहेर ये, आणि खरंच तासाभराने परत जा.